कंदांनाही ताण द्यावा लागतो: सोलापुरात वसंतात फुलणारे कंद

पानं भरघोस, फूल मात्र एकही नाही. सोलापुरात अ‍ॅमरेलिस लावणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दुसरी तक्रार ट्यूलिपची: महागाचे कंद मागवले, कुंडीत लावले, दोन पानं आली आणि पंधरा दिवसांत सगळं वाळून गेलं. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. कंदाला आधी विश्रांती लागते, पाणी त्यानंतर. थंड मुलखात ही विश्रांती हिवाळा आपसूक देतो. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशीला टेकतो, त्यामुळे थंडीच्या भरवशावर राहता येत नाही. आपल्या हातात उरतं ते पाणी तोडणं.

सोलापूरच्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरताना बागेचं पाणी तोडतात, पानगळ होऊ देतात आणि मग पाणी सोडतात. त्यालाच ताण देणं म्हणतात. अ‍ॅमरेलिसचा कंद त्याच न्यायानं चालतो. बागेतला ताण तारीख ठरवून दिला जातो. कुंडीतल्या कंदाला मात्र घरातलं कुणीतरी मायेनं रोज तांब्याभर पाणी घालत राहतं आणि फूल तिथंच हुकतं.

टप्पा १: कोणता कंद लावायचा ते आधी ठरवा

अ‍ॅमरेलिस हा सोलापूरसाठी पहिल्या पसंतीचा कंद. रोपवाटिकेत त्याला नुसतं ‘लिली’ म्हणतात. पण पावसाळ्यात फुलणाऱ्या छोट्या रेन लिलीलाही ‘लिली’च म्हणतात आणि मे महिन्यात लाल चेंडू येणाऱ्या फुटबॉल लिलीलाही. म्हणून विकत घेताना “मार्चमध्ये भोंग्यासारखं मोठं फूल येतं तीच ना?” असं विचारून घ्या. हा कंद एकदा लावला की वर्षानुवर्षं फुलतो.

पांढरं नर्गिस थंडीच्या भुकेचं नाही. नोव्हेंबरात लावलं की डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत फुलतं, म्हणजे हंगामाची सुरुवात तेच करतं. ग्लॅडिओलसची फुलं जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत येतात आणि मार्च अ‍ॅमरेलिसचा. या तिघांवर तीन महिने घरात फूल राहतं.

ट्यूलिपचं गणित एकदा मांडून बघा. त्याला ४ ते ९ अंश तापमानात १२ ते १४ आठवडे लागतात. ऑक्टोबरअखेर कंद हाती आले आणि तेव्हापासून फ्रीजमध्ये ठेवले, तर १२ आठवडे भरेपर्यंत जानेवारी संपत येतो. पुढं मुळं सुटून दांडा वर यायला चार-पाच आठवडे धरा. म्हणजे फूल मार्चच्या तोंडावर, दुपारच्या ३५ अंशांत उमलणार आणि दोन दिवसांत मान टाकणार. हौस असेल तर आधीच थंडी दिलेले कंद विकत घ्या, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा, घरातल्या सगळ्यात गार खिडकीत ठेवा आणि ते एकदाच फुलणार हे धरून चला. पुढच्या वर्षासाठी ते कंद जपून ठेवण्यात अर्थ नाही. या लेखाचा भर त्यामुळे पहिल्या तिघांवर आहे.

टप्पा २: कंद निवडणं

अ‍ॅमरेलिसचा कंद दोऱ्यानं मोजा. पोटाभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर धरा. संकरित जातीचा परीघ २४ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच हंगामात एक, क्वचित दोन दांडे मिळतात. लिंबाएवढं पिल्लू स्वस्तात मिळतं, पण त्याला फुलावर यायला दोन-तीन वर्षं लागतात. जुनी गावठी लाल जात त्यामानानं लहान कंदावरही फुलते.

ग्लॅडिओलसचा गड्डा चपटा असतो. तो ४ ते ५ सेंटिमीटर रुंद आणि मध्ये थोडा फुगीर घ्या. पसरट, पातळ गड्डा जुना असतो. फुगीर गड्डा जोमदार.

कोणताही कंद तळव्यावर ठेवून वजन जोखा, मग अंगठ्यानं बुडाची चकती दाबा. मुळं फुटतात ती ही चकती. कंदाची वरची सालं वाळलेली असली तरी चालतात, बुरशीचा एखादा हिरवट डागही पुसून निघतो. पण बूड मऊ लागलं तर तो कंद घेऊ नका, कितीही सवलत मिळो.

सावधान: अ‍ॅमरेलिस आणि नर्गिसचे कंद विषारी आहेत आणि दिसतात हुबेहूब कांद्यासारखे. ते स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिशवीवर मोठ्या अक्षरात ‘फुलाचे कंद, खाऊ नये’ असं लिहा. लहान मुलं, कुत्री-मांजरं यांच्या हाताला लागतील असंही काही उघड्यावर राहू देऊ नका.

टप्पा ३: माती

सोलापूरची काळी माती ज्वारीला सोनं आहे, कंदाला मात्र घातक. ओली झाली की फुगून चिकट होते, पाणी धरून बसते. वाळली की भेगाळून मुळं तोडते. शिवाय तिच्यात चुनखडी असते, त्यामुळे पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असा लोहाच्या कमतरतेचा प्रकार दिसतो. कुंडी असो वा अंगण, निव्वळ काळ्या मातीत कंद लावू नका.

कुंडीचं मिश्रण असं करा:

- २ भाग लाल किंवा पोयट्याची माती
- १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- १ भाग जाड वाळू, नाहीतर ज्वारीच्या दाण्याएवढा विटांचा चुरा
- १ भाग कोकोपीट
- दहा इंची कुंडीमागे मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम, निंबोळी पेंड

काळ्या मातीशिवाय दुसरी मिळतच नसेल तर ती एकच भाग घ्या आणि विटांचा चुरा दोन भाग करा.

यातल्या दोन वस्तूंवर लोक फसतात. एक वाळू. बांधकामावरची दगडाची कच स्वस्त पडते, पण तिच्यातली पीठासारखी भुकटी पाण्याबरोबर खाली बसते आणि कुंडीच्या तळाशी सिमेंटसारखा थर धरते. कच वापरायचीच असेल तर बादलीत घेऊन तीन-चार पाण्यांत धुवा, गढूळपणा जाईपर्यंत. दुसरं कोकोपीट. विटेच्या रूपात मिळणाऱ्या कोकोपीटमध्ये बहुधा क्षार असतात. भिजवून फुगवा, पिळा, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा आणि मगच मिसळा.

शेणखत ओलं, वास येणारं असेल तर ते इतक्यात वापरू नका. कच्च्या शेणाची उष्णता आणि त्यातल्या अळ्या बुडाच्या चकतीला पहिल्यांदा खातात.

अंगणात लावायचं असेल तर जमिनीच्या पातळीवर लावू नका. एक मीटर रुंद, २० ते २५ सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि वरच्या थरात हेच मिश्रण भरा.

तपासा: भरलेल्या कुंडीत अर्धा लिटर पाणी एकदम ओता. पाणी वर साचून न राहता मुरायला हवं. आणखी अर्धा लिटर ओतल्यावर मिनिटभरात खालच्या भोकातून ठिबकायला लागलं तर माती जमली. पाच मिनिटांनीही वर तळं दिसत असेल तर सगळं उपसून विटांचा चुरा वाढवा. कंद लावल्यावर ही दुरुस्ती करता येत नाही.

टप्पा ४: कुंडी, जागा, पाणी

अ‍ॅमरेलिसला मोठी कुंडी देऊ नका. कंदाच्या चारी बाजूंना दोन बोटं जागा राहील एवढीच हवी. प्रशस्त कुंडीत न वापरलेली माती ओली राहते आणि कंद सडतो. खोली मात्र हवी, निदान २० सेंटिमीटर.

गच्चीवरच्या कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका. मार्चनंतर स्लॅब इतका तापतो की मुळं खालून भाजतात. दोन विटा टाकून वर कुंडी ठेवली की खालून हवा खेळते आणि भोकही मोकळं राहतं.

पाण्याच्या बाबतीत आपल्या शहराची अडचण कंदाच्या पथ्यावर पडते. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि कंदाला तसंच हवं असतं: एकदा भरपूर, मग वरची दोन इंच माती वाळेपर्यंत काही नाही. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो आणि पानांची टोकं करपतात. अशा वेळी महिन्यातून एकदा नळाचं साठवलेलं पाणी कुंडीच्या दुप्पट मापानं ओतून क्षार धुऊन काढा.

टप्पा ५: नोव्हेंबरची लागवड, नर्गिस

रात्री गारवा जाणवू लागला, रात्रीचा पंखा बंद झाला की नर्गिस लावायची वेळ झाली. बहुतेक वर्षी ती नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते. ऑक्टोबर हीटमध्ये घाई केली तर पानं लांबलचक होऊन लोळतात आणि कळी आवरणातच वाळते.

१. आठ इंची कुंडीत पाच ते सहा कंद, एकमेकांना न चिकटवता, पण जवळजवळ ठेवा.
२. टोकं मातीच्या वर दिसू द्या. पूर्ण गाडू नका.
३. एकदा भरपूर पाणी घाला आणि कुंडी दोन आठवडे गार सावलीत ठेवा, जिन्याखाली किंवा उत्तरेच्या व्हरांड्यात.
४. पान बोटभर झालं की सकाळच्या उन्हात आणा.

तिसरी पायरी सगळ्यात जास्त चुकते. कंद लावला की उन्हात ठेवायचा, असं सरसकट केलं जातं. उन्हात शेंडा आधी धावतो आणि मुळं मागं राहतात. मग कळी वर येते तेव्हा तिला पाणी पुरवणारं कुणी नसतं. दोन आठवड्यांची सावली म्हणजे मुळांना दिलेली आघाडी आहे.

लागवडीपासून पाच ते सात आठवड्यांत फूल येतं. नोव्हेंबरअखेर लावलेली एक कुंडी संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, दिवाणखान्यात आणून ठेवली तर वास घरभर होतो. नर्गिसला आपल्या उन्हाळ्यातून जाऊन पुन्हा फुलवणं क्वचितच जमतं. त्याला हंगामी समजा.

टप्पा ६: ग्लॅडिओलस, थोड्या-थोड्या अंतरानं

सगळे गड्डे एकाच दिवशी लावले तर सगळी फुलं एकाच आठवड्यात येतात आणि संपतात. एक नोव्हेंबर, पंधरा नोव्हेंबर, एक डिसेंबर असे तीन भाग करा. जातीनुसार लागवडीपासून ७५ ते १०० दिवसांत दांडा येतो. डिसेंबर मध्यानंतर लावू नका, कारण ती फुलं मार्चच्या उन्हात सापडतात.

लावण्याआधी गड्ड्यावरची तपकिरी सालं सोलून बघा. आत काळपट, खोलगट डाग असेल तर तो गड्डा वेगळा काढा. चांगले गड्डे लिटरमागे १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत निथळू द्या. खोली १० सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं आणि वर थोडं. दोन गड्ड्यांत १५ ते २० सेंटिमीटर. उथळ लावलेलं ग्लॅडिओलस हमखास आडवं पडतं.

तीन-चार पानं आली की बुंध्याला मातीची भर द्या आणि तेव्हाच काठी रोवा. काठी नंतर रोवली तर ती गड्ड्यातून आरपार जाते. सहावं पान यायच्या सुमारास दांडा आत घडत असतो. या दोन आठवड्यांत पाण्याचा खंड पडू देऊ नका. दांडा आखूड राहतो, फुलं कमी येतात, ते बहुतेक इथंच.

फुलं कापायची तर सर्वांत खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की कापा आणि खाली चार पानं राहू द्या. पानांसकट दांडा कापणाऱ्याला पुढच्या वर्षी गड्डा मिळत नाही.

मार्चअखेर पानं पिवळी झाली की गड्डे खणून काढा. एक झाड हातात धरून बघा: खाली सुरकुतलेला, तपकिरी जुना गड्डा, त्याच्या डोक्यावर नवा टणक गड्डा आणि दोघांच्या बेचक्यात मटारच्या दाण्यांसारखी बारीक पिल्लं. आठ दिवस सावलीत वाळवल्यावर जुना गड्डा अंगठ्यानं दाबला की तडकन सुटतो. तो टाकून द्या, नवा ठेवा.

आता त्याची विश्रांती. ताज्या गड्ड्याला कितीही पाणी घाला, तो तीन महिने उगवत नाही. आणि आपल्या मे महिन्यात खोलीतल्या उकाड्यानं तो सुकून काडी होतो. म्हणून कागदी पिशवीत, भोकं पाडून, फ्रीजच्या तळाच्या भाजीच्या कप्प्यात ऑक्टोबरपर्यंत ठेवा.

सावधान: त्या कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेले आंबे ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू साठवलेल्या कंदांना चांगला नाही. ट्यूलिपची तर कळीच तो आतल्या आत मारतो.

टप्पा ७: अ‍ॅमरेलिसचा ताण

सगळा हंगाम ठरतो तो इथं, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

अ‍ॅमरेलिसची कळी तुम्ही पाणी घातल्यावर तयार होत नाही. ती आदल्या वाढीच्या हंगामातच कंदाच्या सालांमध्ये तयार होऊन बसलेली असते. साधारण दर चार पानांमागे एक दांडा, असा हिशेब आहे. म्हणजे पावसाळ्यात आठ पानं नीट वाढली तर कंदात दोन कळ्या. ताणाचं काम कळी घडवण्याचं नाही. पानांची वाढ थांबवायची आणि घडलेल्या कळीला वर यायला वाट द्यायची, हे त्याचं काम. ज्याला ताण मिळत नाही तो कंद पानं काढत राहतो.

१. सप्टेंबरअखेर खत बंद.
२. ऑक्टोबरात पाणी निम्म्यावर आणा.
३. १५ नोव्हेंबरला पाणी पूर्ण बंद. कुंडी गच्चीवरून काढून जिन्याखाली किंवा सज्जात ठेवा, जिथं एखादा अवकाळी पाऊस आला तरी भिजणार नाही. कुंडी आडवी करून ठेवली तर कुणी चुकूनही पाणी घालत नाही. ही साधी युक्ती पाटी लावण्यापेक्षा जास्त कामाची आहे.
४. पानं आपोआप पिवळी पडू द्या. हिरवी पानं कापू नका, त्यातला रस कंदात परत जात असतो. तीन-चार आठवड्यांनंतरही काही पानं अर्धवट हिरवी राहिली तर मानेपासून दोन इंच वर कापा.
५. दहा आठवडे तसंच. १५ नोव्हेंबर ते २५ जानेवारी.

कंद कुंडीतून उपटून ठेवायची गरज नाही. अ‍ॅमरेलिसची जाड पांढरी मुळं ताणातही जिवंत असतात. ती तोडली की कंद आधी मुळं भरून काढतो आणि फूल मागं पडतं. अंगणातल्या गादीवाफ्यातले कंद मात्र, पाऊस लांबला किंवा शेजारच्या झाडाचं पाणी झिरपत असेल, तर मुळांसकट उचलून सावलीत आठ दिवस सुकवा आणि सुती पिशवीत कोरड्या कोकोपीटमध्ये ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका. धुऊही नका.

तपासा: जानेवारीत कंद दाबून बघा. थोडा नरम लागणं, वरची सालं कागदासारखी होणं ठीक आहे. मान ओली, पिचपिचीत किंवा वासाची असेल तर तो ताण नव्हे, सड आहे. चाकूनं पांढरा गर दिसेपर्यंत कापा, गंधकाची भुकटी चोपडा, चार दिवस सावलीत वाळवा आणि कोरड्या वाळूत ठेवा. बुडाची चकती शाबूत असेल तर कंद वाचतो.

दुकानातून सुका कंद नव्यानं आणला असेल तर त्याची विश्रांती आधीच झालेली असते. त्याला पुन्हा ताण देत बसू नका, थेट पुढच्या टप्प्यावर या.

टप्पा ८: ताण तोडणं

२५ जानेवारीला कुंडी उभी करा. वरची दोन इंच जुनी माती खरवडून काढा, मुळं दुखवू नका, आणि तिथं गांडूळखत मिसळलेली ताजी माती भरा. नवा कंद लावत असाल तर त्याचा एक तृतीयांश भाग मातीच्या वर राहू द्या. मान मातीत गाडलेली असेल तर पाणी तिथं साचतं.

पहिलं पाणी भरपूर: दहा इंची कुंडीला एक लिटर, कडेकडेनं, मानेत पडू न देता. त्यानंतर थांबा. दुसरं पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही वरची माती वाळली असेल तरच. ताण तोडला म्हणून रोज पाणी घातलं तर पान नसलेल्या कंदाला ते वापरता येत नाही, आणि सडीची बहुतेक प्रकरणं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात याच घाईमुळे होतात.

दोन-तीन आठवड्यांनी मानेच्या एका कडेनं काहीतरी हिरवं डोकावतं. ते पान की कळी, हे ओळखायला वाका आणि जवळून बघा. पान पातळ, सपाट, जिभेसारखं असतं. कळी जाड असते, बोटाच्या पेरासारखी चपटी, टोकाला जरा तांबूस, आणि बाजूनं बघितलं तर दोन पाकळ्यांचं आवरण मिटलेलं दिसतं. ती मधोमध न येता कडेनं येते, म्हणून अनेकांना ते नवं पिल्लू वाटतं आणि खुडलं जातं.

कळी दोन इंच झाली की पाणी तीन-चार दिवसांआड करा. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून दर दोन दिवसांनी कुंडी पाव फेरी फिरवा. आता सकाळचं ऊन पुरे, दुपारचं नको. आवरण फाटून पहिली कळी रंग दाखवू लागली की कुंडी सावलीत आणा. उन्हात फूल तीन दिवसांत मावळतं, सावलीत आठवडाभर टिकतं.

पहिल्या पाण्यापासून सहा ते आठ आठवडे धरा, म्हणजे फूल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढं. कुंड्या जास्त असतील तर काहींना १० जानेवारीला, काहींना २५ ला आणि काहींना १० फेब्रुवारीला पाणी द्या. त्यापुढं नको. एप्रिलच्या मध्याला चाळीस अंशांत उमललेलं फूल दुपारपर्यंत कडा करपवून घेतं.

टप्पा ९: फुलं झाल्यावर लगेच

कोमेजलेलं फूल त्याच्या मागच्या हिरव्या गाठीसकट खुडा, नाहीतर कंदाची ताकद बी धरण्यात जाते. हिरवा दांडा मात्र ठेवा, तो पानासारखंच अन्न बनवतो. पिवळा पडला की कापा.

फूल संपलं की बहुतेक घरांत कुंडी कोपऱ्यात जाते. पुढच्या वर्षीची कळी याच महिन्यांत घडायची असते. एप्रिल-मे मध्ये कुंडी ५० टक्के हिरव्या शेडनेटखाली किंवा पूर्वेच्या बाजूला ठेवा आणि पानं हिरवी राहतील इतकं पाणी द्या. या दोन महिन्यांत खताचा मारा नको, उन्हाच्या तडाख्यात मुळं करपतात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खत: दर पंधरा दिवसांनी लिटरमागे २ ग्रॅम १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, मातीत ओतून. ऑगस्टपासून त्याऐवजी १३:००:४५ त्याच मापानं, कारण आता पानांपेक्षा कंद फुगवायचा आहे. दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतात. रासायनिक नको असेल तर महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर राख, पण जड पाण्याच्या घरी राख टाळा, तिनं मातीचा खारटपणा आणखी वाढतो.

टप्पा १०: पावसाळ्यातली पहारेदारी

जून ते सप्टेंबर लिलीवर अळी येते. काळी, अंगावर पांढरे-पिवळे-लालसर ठिपके, आणि भूक अशी की दोन रात्रींत कुंडी बोडकी करून मानेत शिरते. दर दोन दिवसांनी पान उलटं करून बघा. अंड्यांचा पुंजका दिसला तर पानाचा तेवढा तुकडा कापा. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. चार पानं अळीनं खाल्ली म्हणजे पुढच्या मार्चचा एक दांडा गेला, हे लक्षात ठेवून बघत राहा.

पानांवर, दांड्यावर तांबडे लांबट चट्टे दिसले तर तो बुरशीचा रोग. चट्टे पडलेली पानं काढून जाळा, पाणी वरून शिंपडणं बंद करा, लिटरमागे ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारा. मानेच्या सालांत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसा.

फूल आलंच नाही तर कारण शोधा

पानं आधी आली, फूल नाही: ताण अपुरा, किंवा मध्येच कुणी पाणी घातलं. या हंगामात काही करता येत नाही. पानं जपा आणि नोव्हेंबरची तारीख पाळा.

ताण नीट दिला, तरी फूल नाही: पावसाळ्यात चारपेक्षा कमी पानं होती, किंवा कुंडी पूर्ण सावलीत होती. अ‍ॅमरेलिसला वाढीच्या काळात दिवसाला निदान चार-पाच तास ऊन लागतं.

कळी आली, पण दोन इंचांवर थबकून वाळली: मुळं सडलेली. कुंडीतून काढून बघा. कुजकी मुळं कापा, कंद सुकवा, कोरड्या मिश्रणात पुन्हा लावा.

पानंही बारीक, फूलही नाही, आणि कुंडीत गर्दी: पिल्लं झाली आहेत. ती तीन वर्षांतून एकदा, जानेवारीच्या शेवटी, ताण तोडण्याच्या दिवशीच वेगळी करा. पिल्लू लिंबाएवढं झालेलं आणि स्वतःची मुळं असलेलं हवं. हातानं हलकेच पिळून बाजूला केलं की सुटतं. सुटत नसेल तर ते अजून आईच्या चकतीवर जगतंय, एक वर्ष आणखी राहू द्या.